खंडेनवमीचे एक नवे अवजार

खंडेनवमीला ज्याचे त्याचे हत्यार पुजण्याची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. सुतार आपला रंधा पुसून ठेवतो, शेतकरी नांगराच्या फाळाला कुंकू लावतो, शिंपी शिवणयंत्राला झेंडूची माळ घालतो. आणि ज्यांच्या हाती लेखणीवाचून दुसरे काही नाही असे आमच्यासारखे शिक्षक चार पुस्तके पाटावर मांडून समाधान मानतात. बडोद्याच्या मराठी घरांतून ही प्रथा अद्याप पाळली जाते, आणि अलीकडे पाटाशेजारच्या संगणकालाही एक फूल मिळते. ते योग्यच आहे. परंतु आमच्या मनात येते, की संगणकाचा पत्रा आणि काच म्हणजे फार तर सुताराचा बाक. खरे काम करणारा रंधा त्याच्या पोटात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही, म्हणून त्याला हळदकुंकूही लागत नाही. त्याला सॉफ्टवेअर म्हणतात. आजचे शास्त्रज्ञ रोज जी सॉफ्टवेअरे वापरतात, त्यांतील पुष्कळशी कोणीतरी स्वतः घडवून, मोबदला न घेता, जगाला मोकळी करून दिलेली असतात. या अदृश्य अवजाराचे ऋण कसे मानावे, याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही शिकलो मराठी. संख्याशास्त्राशी आमचा संबंध वार्षिक निकालाच्या टक्केवारीपुरता. या विषयात आम्ही शिरलो ते पुतणीचे बोट धरून. काही वर्षांपूर्वी ती भूजलावर पीएच.डी.चे काम करीत होती. गावोगावच्या विहिरींतून पाण्याचे नमुने आणायचे, त्यांतील क्षार मोजायचे आणि त्या आकड्यांवरून काही अनुमान बांधायचे, असे ते काम. प्रबंध इंग्रजीत होता, विषय आमच्या आवाक्याबाहेरचा होता. तरीही छपाईपूर्वी तिने तो आमच्यापुढे ठेवला, कारण मुद्रितशोधनाची आमची खोड घरात सर्वांना ठाऊक आहे. कोणतेही पुस्तक हाती आले की आम्ही प्रथम त्याची संदर्भसूची वाचतो. लेखक कोणाच्या खांद्यावर उभा आहे, हे तिथे कळते.

सूची भरगच्च होती. आत मात्र जागोजागी केवळ एवढेच लिहिलेले, की आकडेमोड संगणकावर केली. आम्ही विचारले, "अगं, ज्याने हे सगळे गणित करून दिले, त्याचे नाव कुठे आहे?" ती हसली. म्हणाली, "काका, सॉफ्टवेअरचे नाव कोणी सूचीत घालत नाही. ते काय पुस्तक आहे?"

तिचे अवजार होते 'आर' नावाचे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी १९९३ च्या सुमारास ते लोकांपुढे आणले आणि १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. दोघांच्याही नावांचे आद्याक्षर एकच, म्हणून नावही एकाक्षरी. आज वैद्यकापासून शेतीपर्यंत जिथे जिथे आकड्यांचा विचार होतो, तिथे तिथे ते वापरले जाते. आमच्या प्रश्नावर पुतणीने कुतूहलाने संगणकावर 'सायटेशन' हा शब्द आणि त्यापुढे रिकामा कंस टाइप केला. क्षणात उत्तर उमटले. आपला उल्लेख कोणत्या नावाने, कोणत्या वर्षासह करावा, ते सारे त्याने सांगितले. आणि खाली कर्त्यांची एक विनंती होती. हे घडवण्यात आम्ही पुष्कळ वेळ आणि श्रम खर्चिले आहेत, तरी वापर केल्यास कृपया उल्लेख करावा, अशा आशयाची.

ती विनंती वाचताना आम्हांला पोथ्यांची आठवण झाली. जुन्या हस्तलिखिताच्या अखेरीस पुष्पिका असते. नक्कल करणारा तिच्यात आपले नाव, गाव आणि तिथी घालतो. लिहिताना पाठ, कंबर आणि मान कशी मोडून गेली ते सांगतो आणि पोथी जपण्याची विनवणी करतो. शतकांपूर्वीचा तो लेखनिक आणि ऑकलंडचे हे दोन अध्यापक, दोघांचे मागणे एकच आहे. त्यांना मोल नको आहे. आपल्या श्रमाची आठवण हवी आहे.

एवढ्यावर हा विषय संपला असता, तर तो केवळ सौजन्याचा राहिला असता. परंतु प्रबंध सादर करण्याच्या सुमारास जे घडले, त्याने आमच्या घरातील झोप उडाली. प्रारंभी १२० विहिरींच्या यादीतून पुतणीने ४० विहिरी निवडल्या होत्या. ही निवड सोयीने करायची नसते. रस्त्यालगतच्या, चढायला सोप्या विहिरी निवडल्या तर निष्कर्षाला अर्थ राहात नाही. म्हणून संगणकाकडून चिठ्ठ्या उचलवून घेतात. त्याला एक बीजांक दिला, की तोच बीजांक पुन्हा देताच त्याच चिठ्ठ्या पुन्हा निघाव्यात, अशी व्यवस्था असते. परीक्षकाला पडताळा घेता यावा हा तिचा हेतू. शेवटच्या तपासणीत तिने आपल्या नव्या संगणकावर तोच बीजांक दिला, आणि ४० विहिरींची भलतीच यादी बाहेर आली!

दोन वर्षे उन्हातान्हात हिंडून तपासलेल्या विहिरी एका यादीत, आणि संगणक म्हणतो ती यादी दुसरीच. मुलगी पांढरीफटक पडली. परीक्षकांनी पडताळा घेतला, तर हिने आपल्या सोयीच्या विहिरी निवडल्या आणि चिठ्ठ्यांचे नाव पुढे केले, असाच समज होणार. प्रश्न गुणांचा राहिला नव्हता. तो सचोटीचा झाला होता. काकूंनी वाढलेले ताट तसेच राहू लागले.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. 'आर'चे कर्ते प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांची नोंद प्रसिद्ध करतात. ती तिने सुरुवातीपासून वाचून काढली. चिठ्ठ्या उचलण्याच्या जुन्या रीतीत मोठ्या संख्यांच्या बाबतीत थोडा पक्षपात होतो असे लक्षात आल्यावरून एप्रिल २०१९ च्या ३.६.० या आवृत्तीपासून त्यांनी ती रीत सुधारली होती. तिची निवड प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर आधीच्या आवृत्तीने झालेली. पडताळा नव्या आवृत्तीने घेतलेला. कर्त्यांनी जुनी रीतही मोडीत काढली नव्हती. एक आज्ञा दिली की ती पुन्हा लागू होते. ती आज्ञा देताच पहिल्या ४० विहिरी, एकही इकडची तिकडे न होता, पडद्यावर आल्या. त्या रात्री तिने प्रबंधात अवजाराचे नाव, त्याच्या दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक आणि निवडीची रीत स्वच्छ शब्दांत लिहिली. पुढे मौखिक परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि तिने पानावर बोट ठेवून उत्तर दिले.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी. आम्हांला या प्रकाराचे नवल वाटले नाही. याला आम्ही पाठभेद म्हणतो. याच शहरातील प्राच्यविद्या मंदिरात १९५१ साली वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. पहिले बालकांड गोविंदलाल भट्ट यांच्या संपादनाखाली १९६० मध्ये निघाले. अयोध्याकांड आणि युद्धकांड परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादिले. आणि १९७५ मध्ये उमाकांत शहा यांच्या उत्तरकांडाने सात खंड पूर्ण झाले. तो ग्रंथ उघडून पाहावा. कोणती पोथी, कोणत्या संग्रहातली, कोणत्या लिपीतली, याचा पत्ता प्रथम दिलेला आहे. प्रत्येक पोथीला एक संकेताक्षर आहे. स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ खाली, कोणत्या पोथीत काय आहे त्या हिशेबासह. संपादकाचा निर्णय न पटल्यास वाचकाने मागचा रस्ता स्वतः चालून पाहावा, ही त्यामागची निष्ठा आहे. एखाद्या संपादकाने 'जुन्या पोथ्यांवरून सिद्ध केले' एवढेच लिहिले असते, तर त्या आवृत्तीला विद्वत्तेच्या दरबारात कोणी उभे केले नसते. मग 'संगणकावर केले' एवढ्यावर विज्ञानाने का समाधान मानावे?

याच बडोद्याचा आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९१६ साली जो पहिला ग्रंथ निघाला, तो राजशेखराची 'काव्यमीमांसा'. ज्याचे पूर्वज महाराष्ट्राचे भूषण म्हणून मिरवले गेले, असा हा दहाव्या शतकाच्या सुमाराचा पंडित. दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचा अर्थ घेण्याला तो 'हरण' म्हणतो, त्याचे प्रकार पाडतो, कोणते क्षम्य आणि कोणते अक्षम्य याची बारकाईने चर्चा करतो. ज्या ग्रंथमालेचा श्रीगणेशाच या विवेकाने झाला, त्या गावच्या संशोधकांनी तरी तो विसरू नये.

इथे एक शंका येईल; ती आमच्याच शाळेतील एका विद्यार्थ्याने काढली. आम्ही शाळेत 'स्टेलॅरियम' या मुक्त सॉफ्टवेअरवर मुलांना आकाश दाखवतो. फाबियाँ शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली ते रचायला घेतले. दिवसाउजेडी वर्गात बसून मुले मृग आणि सप्तर्षी पाहतात. विज्ञान प्रदर्शनासाठी काढलेल्या तारकापटाखाली त्याचे नाव लिहायला सांगताच एक मुलगा म्हणाला, "सर, पट्टीने रेघ मारली तर आपण पट्टीचे नाव लिहीत नाही. मग याचे का?" प्रश्न उत्तम होता. आम्ही म्हटले, पट्टी कोणत्याही कारखान्याची असो, सेंटिमीटर सारखाच असतो; पण या अवजाराच्या आत कोणीतरी शेकडो निर्णय घेऊन ठेवले आहेत आणि ते बदलले तर आपले चित्र बदलते. शिवाय पट्टीवाल्याला दुकानात पैसे मिळाले. याला काय मिळाले? मुलाने नाव लिहिले, आणि सुवाच्य लिहिले. अर्थात एकेका अवजारामागे शंभर अवजारे असतात. सगळ्यांची नावे देऊ लागलो तर सूचीच प्रबंध होईल. ज्याच्या असण्या-नसण्याने आपला निष्कर्ष बदलेल त्याचे नाव आवर्जून द्यावे, एवढा विवेक पुरेसा आहे.

'याला काय मिळाले' हा प्रश्न वाटतो त्याहून गंभीर आहे. विद्वानांच्या जगात उल्लेख हेच चलन आहे. कोणाच्या कामाचा किती जणांनी निर्देश केला, यावर नेमणुका होतात, अनुदाने मिळतात. निर्देशच नसेल तर काम झालेच नाही असे धरले जाते. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगापुढे आले. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या काळ्या वर्तुळाभोवतीचे तेजोवलय आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिले. त्या कामात 'नमपाय', 'सायपाय', 'मॅटप्लॉटलिब' अशा मुक्त सॉफ्टवेअरांचा मोठा वाटा होता. आणि त्याच महिन्यात 'सायपाय'च्या देखभालीसाठी केलेला अनुदानाचा अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने नाकारला. या कामाचा प्रभाव पुरेसा नाही, असे परीक्षकांचे मत पडले! प्रभाव होता, तो मोजता येईल अशा जागी लिहून ठेवण्याची चाल नव्हती. ज्या झाडाची फळे सर्वांनी खाल्ली त्याला पाणी घालण्याची पाळी आली, तेव्हा झाडाचे नावच कोणाच्या वहीत सापडेना.

आता जग जागे होत आहे. युरोपच्या सर्न या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये 'झेनोडो' नावाचे भांडार उघडले. तिथे सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीला ग्रंथालयातील दाखल क्रमांकासारखा कायमचा क्रमांक मिळतो. सॉफ्टवेअरचा उल्लेख कसा करावा, याची तत्त्वे २०१६ मध्ये विद्वानांनी एकत्र येऊन ठरवली, आणि त्याच वर्षी मुक्त सॉफ्टवेअरवरील लेखांसाठी एक स्वतंत्र नियतकालिकही निघाले. कृतज्ञतेचे काही नमुने तर मनाला भिडणारे आहेत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी वापरतात ते 'ऑक्टेव्ह' घ्या. जॉन ईटन यांनी त्याला आपल्या गुरूंचे, ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांचे नाव दिले. रसायन अभियांत्रिकीचे हे अध्यापक कागदाच्या कपट्यावर चटकन हिशेब मांडण्याबद्दल प्रसिद्ध होते. शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून जगालाच एक गणकयंत्र दिले!

इंग्रजीतील 'फ्री' या एका शब्दाने तिकडे बराच घोटाळा केला. बिनपैशाचे तेही फ्री आणि बंधनरहित तेही फ्री. आपल्या भाषेत सुदैवाने दोन शब्द आहेत, मुक्त आणि फुकट. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभली, ती पहिल्या अर्थाने. वापरण्याची, आत काय आहे ते वाचण्याची, सुधारण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक म्हणजे मुक्तता. विज्ञानाला ती अत्यावश्यक आहे, कारण झाकलेल्या हंडीतला हिशेब पडताळता येत नाही. 'आर'ची संहिता उघडी होती, तिच्या बदलांची नोंद उघडी होती, म्हणून आमच्या पुतणीची अब्रू राहिली. पण मुक्ताला फुकट समजणारा माणूस आयत्या बिळावरचा नागोबा होतो.

हा भेद बडोद्याला सयाजीराव महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी शिकवला आहे. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना आणून त्यांनी राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. वाचकाला दमडी पडत नसे. परंतु गावाला वाचनालय हवे असेल तर गावाने आधी आपली वर्गणी जमवायची. मग तेवढीच रक्कम प्रांतपंचायत आणि तेवढीच सरकार घालणार, असा नियम होता. दार सर्वांना उघडे, आणि उंबऱ्याचा एक दगड गावाचा. मुक्त सॉफ्टवेअर टिकायचे असेल तर त्यालाही असाच एक दगड आपला लागेल.

तो दगड पैशाचाच हवा असे नाही. ज्यांची मुले परदेशी स्थिरावली आहेत त्यांना देणगीचे मार्ग खुले आहेत. 'नमफोकस' ही संस्था २०१२ पासून याच कामासाठी देणग्या स्वीकारते. पण दोष आढळला तर नीट शब्दांत कळवणे, वापराची माहिती सोपी करून लिहिणे, आपल्या भाषेत आणणे, ही कामे पैशाहून कमी मोलाची नाहीत. आणि इथे आम्हां भाषेच्या माणसांनाही जागा आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत 'फॉसी' नावाचा प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने चालतो. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सोडवून ती सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याचे काम तिथे देशभरचे विद्यार्थी करतात. तेथील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम तर घराघरांत पोहोचावा असा आहे. सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे छोटे पाठ त्यात मराठीतून आणि गुजरातीतूनही ऐकायला मिळतात, आणि पाठाच्या शेवटी आवाज देणारी व्यक्ती आपले नाव सांगून निरोप घेते. पुष्पिकेची परंपरा तिथे अशी जिवंत आहे. आमच्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्या बडोदेकरांनी, विशेषतः निवृत्त शिक्षकांनी, अशा कामाला महिन्यातली चार दुपारे दिली तर ती सत्कारणी लागतील.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी घरांतून आज पुष्कळ मुलेमुली संशोधनात आहेत. त्यांचा प्रबंध बांधून घरी येतो, देवापुढे ठेवला जातो, पेढे वाटले जातात. त्यातले आपल्याला काही कळत नाही म्हणून आपण पहिले पान आणि अर्पणपत्रिका पाहून तो मिटतो. आमची विनंती अशी, की शेवटचे पानही उघडावे. शास्त्र कळत नसले तरी नावे वाचता येतात. ज्याच्या अवजाराने हे काम झाले, त्याचे नाव आणि आवृत्ती तिथे आहे का, एवढे विचारावे. नसेल तर एक ओळ वाढवायला सांगावी. त्या ओळीला शाईचा खर्च नाममात्र येतो.